हिरवा डोळा दुपारी मिटतो

"सोलर बंद पडलं हो," असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गच्चीवर काय वाळत घातलंय?"

समोरचा माणूस जरा दुखावायचा. आपण मशीनची तक्रार करतोय आणि हा आमच्या वाळवणाची चौकशी करतोय, असं त्याला वाटायचं. पण दहातल्या पाच तक्रारी त्या एका प्रश्नात निकालात निघायच्या. लोडशेडिंगच्या वर्षांत पंचवटीत भाजीबाजारामागच्या एका गल्लीत पौरोहित्य करणाऱ्या काकांनी गच्चीवर पॅनल बसवून घेतलं होतं. थंडीभर दिवे छान चालले आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडले. काका वैतागले होते. "ऊन वाढलं तशी वीज वाढायला हवी की नको?" असा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्तच होता. मी जिना चढून वर गेलो तर पॅनलवर जुनी सुती साडी पसरलेली आणि तिच्यावर काकूंच्या कुरडया. काकू मागून म्हणाल्या, "इथं ऊन सगळ्यात छान लागतं हो." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ऊन सगळ्यात छान लागतं तिथंच तर आम्ही पॅनल बसवतो.

काकांचं म्हणणं, "अर्धं उघडं आहे की. मग अर्धा तरी दिवा लागू दे."

इथं थोडं धंद्यातलं सांगतो. पॅनलवर ज्या निळसर चौकटी दिसतात त्या एकीला एक अशा रांगेत जोडलेल्या असतात. वीज एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी जाते. त्यातल्या एक-दोन सावलीत गेल्या की त्या वाट अडवून बसतात आणि बाकीच्या उन्हात असूनही काही उपयोग होत नाही. बागेला पाणी घालताना नळीवर एका जागी पाय पडला तर पुढे पाणी येत नाही, तसंच. हे मी इतक्या लोकांना, इतक्या गच्च्यांवर उभं राहून समजावलं आहे की सावलीच्या बाबतीत माझी कधी चूक होईल असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. ती चूक तोवर माझ्या हातून होऊन गेलेली होती. काकांच्या गच्चीवर उभा राहून मी ऐटीत नळीचं उदाहरण देत होतो तेव्हा मला आत कुठेतरी टोचत होतं ते त्यामुळेच. तिची पुरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

मी नाशिकरोडचा. आयटीआय करून सातपूरच्या एका छोट्या कंपनीत लागलो. कंपनी सौरदिवे पुरवायची. माझ्या ओळखपत्रावर 'सर्व्हिस इंजिनिअर' असं छापलेलं होतं, पण मी वायरमनच. त्र्यंबकेश्वरच्या मागचा डोंगराळ भाग, पेठ आणि सुरगाण्याकडचे पाडे माझ्याकडे असायचे. नव्वदच्या दशकात तिथं बऱ्याच पाड्यांवर विजेचे खांब पोचले नव्हते, म्हणून सरकारी योजनेतून काही घरांना सौरदिवे दिलेले होते. सगळा कारभार चार वस्तूंचा. छपरावर एक पॅनल, घरात एक बॅटरी, त्या दोघांच्या मधे भिंतीवर एक लहान डबा आणि दोन दिवे. पॅनल दिवसा बॅटरी भरतं, रात्री दिवे ती रिकामी करतात, आणि मधला डबा दोघांवर लक्ष ठेवतो. डब्यावर एक हिरवा ठिपका असतो. पॅनलकडून वीज येत असेल तर तो लागतो. बॅटरी पुरेपूर भरली की डबा वीज अडवतो आणि ठिपका विझतो. एवढं समजलं की माझी निम्मी नोकरी तुम्हाला आली.

उरलेली निम्मी म्हणजे रस्ता. मोटरसायकलला एका बाजूला मीटर आणि पक्कड-पान्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन, पाठीवर डबा. सकाळी निघायचं, घाट ओलांडायचा, कुठल्यातरी छपरावर चढायचं, कुठल्यातरी झाडाखाली एकट्यानं जेवायचं आणि अंधाराच्या आत परत घाट चढायचा. दिवसभरात मी ज्यांच्याशी बोलायचो त्यांत माणसांपेक्षा बॅटऱ्याच जास्त. घरी आई होती तोवर संध्याकाळी कोणीतरी 'आज कुठं गेला होतास?' विचारायचं. ती गेल्यावर तेही थांबलं. लग्न राहूनच गेलं होतं. एकटेपणाची मी कधी तक्रार केली नाही, उलट मला त्याचा थोडा माजच होता. मला कोणाची गरज लागत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. त्यात एक वाईट खोड लागते. दुसरा एकटा माणूस 'थांबा की जरा' म्हणाला तर ते ऐकू येईनासं होतं.

देवराम बाबा मला तसंच म्हणाले होते.

पेठच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत, दोन डोंगरांच्या बेचक्यात दहाबारा घरांचा एक पाडा होता. भात आणि नागली पिकवणारे कोकणा आदिवासी लोक. दिवाळीपर्यंत भात घरात आलं की सगळी धडधाकट माणसं बायकापोरांसह निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जायची, ती होळीला परत. मधले चार महिने पाडा कुलूपबंद. मागं राहायचे ते एकटे देवराम बाबा. वय झालेलं, बायको गेलेली, मूलबाळ नाही. पण रिकामे नव्हेत. सगळ्या पाड्याची गुरं त्यांच्या घराला लागून असलेल्या मोठ्या गोठ्यात बांधून लोक जात आणि बाबा ती सांभाळत. त्या डोंगरात बिबट्या होता. म्हणूनच पाड्याला एकच सौरसंच मिळाला तेव्हा लोकांनी एकमतानं तो बाबांच्या घराला द्यायला लावला. दोनपैकी एक दिवा गोठ्याच्या तोंडाशी, एक बाबांच्या घरात. ते सगळं मी स्वतः बसवलं होतं, वैशाखात, गावजेवण असल्यासारखी माणसं भोवती जमलेली असताना. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी मानच म्हणेन. पाड्याचं गुरंढोरं सगळं आपल्या भरवशावर आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना त्याखेरीज दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात कंपनीत पोस्टकार्ड आलं. जवळच्या आश्रमशाळेतल्या गुरुजींकडून बाबांनी लिहून घेतलेलं. 'दिवा लवकर जातो. लवकर यावे.'

मी गेलो. पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला. सगळ्या घरांना कुलपं, अंगणात पाचोळा, आणि बाबा खळ्याच्या कडेला दोरी वळत बसलेले.

"काय होतंय बाबा?"

"लाईट टिकत नाय. सांजच्याला लावली का दोन घडी जळती, मंग मिचकावती न् जाती. फुडं सगळी रात काळोख."

मी मीटर काढला. पॅनलकडून येणारा विजेचा दाब अगदी हवा तसा. वायरी घट्ट. डब्यावर हिरवा ठिपका लागलेला. मग बॅटरीचं झाकण उघडून काचेच्या नळीनं आतलं ॲसिड तपासलं. बॅटरी अर्धपोटी होती. पॅनल ठणठणीत आणि बॅटरी उपाशी, याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ लावतात. घरातले लोक भरते त्यापेक्षा जास्त जाळतात. रेडिओ जोडतात, दिवा पहाटेपर्यंत ठेवतात आणि विचारलं तर कोणीच कबूल करत नाही.

"आतला दिवा किती वेळ लावता?"

"आतला लावीतच नाय मी."

मी हसलो. हे उत्तर मला पाठ होतं.

"खरं सांगतो भाऊ. आनि येक बगा. हा हिरवा डोळा हाय ना, त्यो दुपारी मिटतो. जेवनं उरकली का मिटतो."

"बॅटरी भरली की तो मिटतोच बाबा. तसंच केलंय ते."

"भरती कवा? भरली आसती तर रातच्याला का गेली आसती?"

आज लिहिताना मला हे वाक्य दिसतं तेव्हा कानशिलं तापतात. अंगठेबहाद्दर म्हातारा माझ्यापेक्षा सरळ विचार करत होता. मी पिशवी आवरायला लागलो.

"थांबा की जरा. घटकाभरानं मिटंल. तुमच्या डोळ्यांनी बगा. भाकर टाकतो तवर." आणि मग हळू आवाजात, "लोकांची गुरं हाईत भाऊ. वाघरू फिरतंय. माजी आसती तर मी बोललो नसतो."

मला पुढे आणखी एका पाड्यावर जायचं होतं. खरं सांगायचं तर तेही तितकं निकडीचं नव्हतं. मला थांबायचं नव्हतं. प्रत्येक संचाजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळं कार्ड टांगलेलं असे, त्यावर आम्ही काय केलं ते लिहायचो. मी लिहिलं, 'यंत्रणेत दोष नाही. दिव्याचा वापर जास्त होतो.' खाली सही केली आणि बाबांचा अंगठा घेतला.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणून लिहिलंय."

महिन्याभरानं दुसरं पोस्टकार्ड आलं. गुरुजींनी लिहिलं होतं, 'बाबांचे म्हणणे, कृपया येऊन दुपारनंतर थांबावे.' एकदा तपासून दोष न सापडलेली तक्रार पुन्हा आली तर ती बंद करायची, अशी आमच्या ऑफिसातली रीत होती. मी कार्डावर 'पूर्वी पाहणी केली आहे' असं लिहून फाईलला लावलं.

होळीनंतर नेहमीच्या फेरीत बॅटरीला पाणी घालायला मी त्या पाड्यावर गेलो. पाडा भरलेला होता. माणसं परत आली होती, अंगणं सारवलेली होती. पण मला पाहून कोणी नेहमीसारखं हसलं नाही. काशिनाथ नावाचा चाळिशीचा गडी पुढे आला. त्याच्या हातात ते पिवळं कार्ड होतं. शिकलेल्या कोणाकडून तरी त्यानं ते वाचून घेतलं असणार. त्याच्याकडून कळलं ते असं. पौष महिन्यात बिबट्यानं गोठ्यातून त्याचा गोऱ्हा नेला होता. त्याच साली त्याला औताला जुंपायचं होतं. बाबा म्हणत होते दिवा गेला होता, काळोखात मला दिसलं नाही, ओरडेपर्यंत त्यानं ओढून नेला.

"भाऊ, हे तुमीच लिवलं ना?"

"हो."

"दिव्यात दोष नव्हता?"

सगळा पाडा गोळा झालेला. बाबा लांब, गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. मी आत जाऊन डबा बघितला. दुपारचे दोन वाजले होते आणि हिरवा ठिपका व्यवस्थित लागलेला होता. बॅटरीही या वेळी भरत आलेली होती. माझा माज वाढायला एवढं पुरेसं होतं.

"दोष नव्हता," मी म्हणालो.

"म्हंजी आतला दिवा जाळत घरात निजला ह्यो," काशिनाथ म्हणाला.

हे मी म्हटलं नव्हतं. पण माझ्या कार्डावर लिहिलेल्या शब्दांचा दुसरा काही अर्थ निघतही नव्हता. तेव्हा बाबा एवढंच बोलले, "भाऊ, तुमी थांबलाच नाय ना पन."

आणि मी, सगळ्यांसमोर, त्यांना म्हणालो, "बाबा, मीटर खोटं बोलत नाही."

ते वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. परतताना घाटात मी ते मनातल्या मनात दोनदा म्हटल्याचंही आठवतं.

पुढच्या दिवाळीनंतर मी पाड्यावर गेलो तो साध्या फेरीसाठी. तक्रार नव्हतीच, बाबांनी पुन्हा कार्ड पाठवलं नव्हतं. घरांना कुलपं लागलेली होती. गोठा मात्र रिकामा होता. लोकांनी गुरं दरीपलीकडे काशिनाथच्या मेव्हण्याच्या पाड्यावर ठेवली होती. तिथून एक माणूस दिवसाआड येऊन पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन जायचा, तेवढंच माणसाचं येणंजाणं. बाबा त्याच खळ्याच्या कडेला दोरी वळत बसलेले. दोरी कशासाठी वळताय असं मी विचारलं नाही. बांधायला एकही जनावर नव्हतं.

मी पाणी घालून निघालो आणि मोटरसायकलची क्लच वायर तुटली. रस्त्यापर्यंत चालत जाऊन एका जीपवाल्याला पेठहून नवी वायर आणायला सांगितली. तो संध्याकाळच्या आत येणार नव्हता. परत पाड्यावर येण्याखेरीज इलाज नव्हता. बाबांनी नागलीची भाकरी आणि उडदाचं कालवण पुढे ठेवलं. मी दारात बसून जेवलो. हात धुतला, भिंतीला टेकलो आणि सहज डब्याकडे नजर गेली. बघता बघता हिरवा ठिपका विझला.

दीड वाजला होता.

मी उठून बॅटरीत नळी घातली. अर्धपोटी. भरली म्हणून विझला असं म्हणायची सोय नव्हती. बाहेर आलो, वर पाहिलं, आणि जे दिसलं ते बघायला मीटरचीही गरज नव्हती. पॅनलच्या खालच्या कोपऱ्यावर सावली चढलेली होती. पेंढ्याची.

त्या पाड्याचं भात बाबांच्या दारातल्या खळ्यात झोडपलं जायचं. लोक निफाडला निघायच्या आधी सगळ्यांचा पेंढा खळ्याच्या कडेला, खांबांवर उभारलेल्या उंच माचावर रचून जायचे, पावसाळ्यापर्यंत गुरांना पुरावा म्हणून. तो माच बाबांच्या छपरापेक्षा हातभर उंच व्हायचा. थंडीत सूर्य दक्षिणेकडून, खालून जातो. दीड वाजला की तो माचाच्या मागे यायचा. सकाळी पूर्वेच्या डोंगरामुळे ऊन दहापर्यंत खाली उतरायचंच नाही. म्हणजे थंडीत पॅनलला सगळं मिळून साडेतीन तासांचं ऊन. होळीपर्यंत निम्मा पेंढा गुरांच्या पोटात गेलेला असायचा आणि सूर्यही वर आलेला, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत. आणि मी पॅनल बसवलं वैशाखात, माच रिकामा असताना. जागा मीच निवडलेली.

दोन्ही हिवाळ्यांत मी तिथं भर दुपारी बारालाच पोचलो होतो. एका घटकेचा प्रश्न होता.

मी घरात परत आलो तेव्हा आणखी एक दिसलं. ट्यूबलाइटचा दिवा जळत राहिला की त्याची टोकं काळी पडतात. जितका जास्त जळला तितकी काळी. गोठ्याच्या दिव्याची टोकं काळीकुट्ट झालेली होती. घरातल्या दिव्याची पांढरीशुभ्र, खोक्यातून काढावीत तशी. हे गेल्या वर्षीही माझ्या डोळ्यांसमोरच होतं. मी वर मान करून बघितलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही आतला दिवा खरंच कधी लावला नाही?"

"गुरांला पुरत नव्हती, मी कुटं लावू? मला घर पाठ हाय. काळोखात बी हात जातो बराबर."

हा माणूस दुसऱ्यांच्या गुरांसाठी अख्खी थंडी अंधारात बसून होता, आणि मी त्याच्याच अंगठ्यानिशी लिहून ठेवलं होतं की तो दिवा जाळतो. मी माफी मागितली. म्हणजे तसं काहीतरी पुटपुटलो. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते, छपराकडे पाहत होते.

"पेंढा व्हय," ते म्हणाले. "माज्या बी ध्यानात नाय आलं. आमी त्यो कायम तिथंच रचतो."

पॅनल काढून छपराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. वायर जोडून लांबवली. बाबांनी खालून शिडी धरली होती. साडेतीनला काम झालं आणि हिरवा ठिपका लागला. उन्हं डोंगराआड जाईपर्यंत तो विझला नाही. मी जिंकल्यासारखा खाली उतरलो.

"झालं बाबा. आता लोकांना मीच सांगतो, चूक माझी होती म्हणून."

"कोनाला?" बाबांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. मी मागं वळून पाहिलं, तर सगळी दारं बंद.

त्या रविवारी मी निफाडला गेलो. दोनतीन बागांवर चौकशी करावी लागली. एका बांधावर प्लास्टिकच्या कागदांची पालं दिसली आणि तिथं ओळखीचे चेहरे. काशिनाथ वेलीखाली वाकून घड विरळ करत होता. मी ओळीत शिरलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हात वर करून सूर्य कुठून येतो, माच कुठं आहे, सावली कशी चढते तेही दाखवलं. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. काशिनाथनं हातातली कात्री मिटली.

"पेंढा तर आमीच रचला," तो म्हणाला.

"तुमची चूक नाही. मी बघायला हवं होतं."

"तुमी सांगताय म्हंजी खरंच आसंल."

"बाबा हेच सांगत होते," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. हिरवा ठिपका दुपारी विझतो म्हणून."

त्यावर तो पुढचा घड हातात घेऊन कामाला लागला. माझं सांगून झालं होतं. मी बसस्टँडवर येऊन उगाच दोन बस सोडल्या आणि तिसरीत बसलो. घरी पोचून सांगायला कोणी नव्हतं.

होळीला लोक परतल्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी पाड्यावर गेलो तेव्हा गोठा भरलेला होता. माच खळ्याच्या उत्तरेला हलवला होता. दोन्ही दिव्यांची मी परीक्षा घेतली, बॅटरी काठोकाठ भरलेली. मला इतका आनंद झाला की मी डबाही तिथंच उघडून बाबांच्या शेजारी जेवायला बसलो. तोवर मी तक्रार असो नसो, डोंगराआड सूर्य जाईपर्यंत जागचा न हलण्याची सवय लावून घेतली होती. पुढे नोकरी संपेपर्यंत ती टिकली आणि साहेबांच्या शिव्याही खाव्या लागल्या. आता निवृत्त होऊन घरात बसलोय तर थांबायला वेळच वेळ आहे आणि कोणी थांबवणारं नाही, हा भाग वेगळा.

तर, बाबा गुरांना पाणी पाजून आले आणि माझ्याजवळ टेकले. मी स्वतःवर खूश होऊन म्हणालो, "झालं ना बाबा सगळं पहिल्यासारखं?"

बाबांनी दोरी हातात घेतली. थोडी वळली.

"गुरं आली. काशिनाथच घिऊन आला. म्हनला, सोलरवाल्यानं सांगितलं, तुजी चूक नव्हती. मी म्हनलं, बांद."

"मग?"

"मंग काय. बांदली."

मी वाट पाहिली. गोठ्यात एक गाय खांबाला अंग घासत होती.

"तुमी लिवलं माजी चूक, तर त्यांनी मानलं. तुमी सांगितलं चूक नाय, तर ते बी मानलं. समदं तुमालाच इचारून झालं, भाऊ." ते शांतपणे बोलत होते. "त्या राती मी काय केलं, कसा धावलो, मला कोनी इचारलंच नाय. तवा बी नाय, आता बी नाय."

मीसुद्धा विचारलं नव्हतं. पॅनल हलवलं तेव्हा नाही, निफाडहून परत आल्यावर नाही, या क्षणापर्यंत नाही. बॅटरीला नळी लावून मी तिला विचारत होतो, किती भरलीस, किती उतरलीस. या माणसाला मी एक प्रश्न विचारला होता, आतला दिवा किती वेळ लावता, आणि त्याच्या उत्तरावर हसलो होतो.

डबा बंद करून बाजूला ठेवला.

"बाबा, मला सांगा," मी म्हणालो. "त्या रात्री काय झालं?"

त्यांनी दोरी खाली ठेवली, मांडी नीट घातली आणि सांजेला दिवा लावला तिथपासून सांगायला सुरुवात केली.